दाराबाहेरची खुर्ची

माझ्यावर आजवर जेवढी माणसं बसली, त्यांतलं एकही आरामासाठी बसलं नाही. मित्रांनो, हे ऐकून तुम्हाला वाटेल की मी दवाखान्यातली नाहीतर पोलीस चौकीतली खुर्ची असेन. तसं काही नाही. मी टॅनर्स ब्रिज गावच्या नगरभवनातली, मेपलच्या लाकडाची, हातांची एक जुनी खुर्ची आहे. माझी जागा नीतिमंडळाच्या दाराबाहेर होती. आत नव्हे, बाहेर. माझं सगळं दुःख या एका शब्दात आलं, पण ते तुम्हाला सवडीने सांगते.

माझा जन्म याच गावचा. नदीकाठी तेव्हा खुर्च्यांचा कारखाना होता आणि अर्धं गाव तिथे कामाला जायचं. मला घडवणाऱ्या माणसाचा हात मोठा हळुवार होता. माझे हात त्याने इतके गुळगुळीत घासले, की पुढे कित्येक जण काळजीत असताना नकळत त्यांवरून तळवा फिरवत राहिले. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने उरलासुरला माल गावाला देऊन टाकला. त्यात आम्ही सहा बहिणी नगरभवनाच्या माडीवरच्या खोलीत आलो. पाचजणी टेबलाभोवती बसल्या आणि मी समोर, मंडळापुढे येणाऱ्या माणसासाठी.

आता हे नीतिमंडळ म्हणजे काय? नाव ऐकून लोकांना वाटतं की तिथे कोणी प्रवचन झोडत असेल. अहो, प्रवचन कसलं! गावातलीच पाच माणसं. नगरपरिषद त्यांना नेमते, पण नेमून झाल्यावर त्यांना हुकूम सोडू शकत नाही. पगार नाही, कॉफीसुद्धा ज्याची त्याने घरून आणायची. सगळे एकाच पक्षाचे घ्यायचे नाहीत. सगळ्यांची मुदत एकदम संपत नाही, एकेकाची संपते, म्हणजे नवा माणूस जुन्यांच्या शेजारी बसून शिकतो.

त्यांच्यापुढे कामं दोन तऱ्हेची यायची. काही लोक आधी विचारायला यायचे, की हे केलं तर चालेल का? वाचनालयाच्या बाईंनी विचारलं होतं, पुस्तकविक्रेत्याने मेपलच्या पाकाची बरणी दिली आहे, घेऊ की परत करू? (परत करा, असं ठरलं. बाईंचा चेहरा उतरला, कारण बरणी अर्धी संपली होती.) परिषदेच्या एका सभासदाने विचारलं होतं, बायकोच्या केशकर्तनालयासमोरचा पदपथ नवा करायचा आहे, मी मत देऊ का? अशा विचारण्याची वाच्यता बाहेर होत नसे. दुसरं काम तक्रारींचं. ती शपथेवर करावी लागे, निनावी कागदाला तिथे कोणी हात लावत नसे. मंडळ दोन्ही बाजू ऐकायचं, बंद दाराआड विचार करायचं आणि आपलं म्हणणं परिषदेला कळवायचं. शिक्षा करणं मंडळाच्या हातात नव्हतं. ते फक्त सुचवायचं.

मग मी बाहेर कशी गेले? त्याला कारण मर्ल हॅस्किनचा घसा.

मर्लचं गावात लोखंडी सामानाचं दुकान, आणि तो मंडळातल्या पाचांपैकी एक. माणूस दिलदार, पण तोंडाला आवर नाही. त्याच्या जावयाने गावाला रंग विकल्याचं प्रकरण मंडळापुढे आलं, तेव्हा तो म्हणाला की मी इथेच बसतो, पण अवाक्षर काढणार नाही. खरंच काढलं नाही. पण जावयाविरुद्ध कोणी बोललं की हा घसा साफ करायचा, बाजूने बोललं की मान डोलवायचा. त्या वेळी मंडळाची अध्यक्ष होती आर्डिस टिबो. जन्मभर शाळेत नर्स म्हणून काम केलेली बाई, सरळ पाठीची, पोरांच्या खोट्या पोटदुख्या दारातच ओळखणारी. ती उठली, मला दोन्ही हातांनी उचललं, दाराबाहेर, इमारत उबदार ठेवणाऱ्या गरम नळांच्या शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "मर्ल, ऊठ. तुझा घसा इथे बसून साफ कर."

तेव्हापासून रीतच पडली. ज्याचं आपलं माणूस किंवा आपला फायदा प्रकरणात गुंतलेला असेल, त्याने उभं राहून तसं सांगायचं, बाहेर येऊन माझ्यावर बसायचं आणि दार लावून घ्यायचं. त्या प्रकरणाबद्दल त्याने तोंडात मिठाची गुळणी धरायची. आधी नाही, नंतर नाही, कोणी विचारलं तरी नाही. आमच्या गावात निम्मे लोक निम्म्यांचे सोयरे. एकदा तर तिघं एकदम उठले. एक माझ्यावर बसला, दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर, आणि आत उरलेल्या दोघांना निर्णयच घेता येईना, कारण त्याला तिघं तरी लागतात. शेवटी सगळे हसत घरी गेले.

पण गावाला माझा अभिमान होता, हो. आसपासच्या गावांतले लोक बघायला यायचे. पेपरात माझा फोटो आला. फोटोत मी एकटीच होते, रिकामी, आणि खाली छापलं होतं, ‘आमच्या गावाचा प्रामाणिकपणा इथे बसतो.’ मी त्या दिवसांत फार फुशारून गेले होते.

मग तो हिवाळा आला.

आर्डिसचा धाकटा भाऊ लायल हा गावच्या रस्ते खात्याचा मुख्य होता. बर्फ पडला की पहाटे ट्रकला मोठं फावडं लावून तो स्वतः निघायचा. नियमाला कडक. गावचा ट्रक गावच्या रस्त्यावरच चालेल, कोणाच्या घरच्या वाटेवर जाणार नाही, हे त्याने सगळ्यांना ठणकावून सांगितलेलं. लायलच्या आईच्या गॉर्डन प्रूइट नावाच्या शेजाऱ्याने कितीदा विनवलं होतं, की बाबा रे, तुझ्या ट्रकने ढकललेला बर्फ माझ्याच दारात साचतो, जाताजाता एक फेरी आत मार. लायलने साफ नाही म्हटलं होतं. आणि एका पहाटे याच प्रूइटने खिडकीतून पाहिलं, की लायलचा ट्रक त्याच्या म्हाताऱ्या आईच्या, विल्माच्या घरच्या वाटेवर वळला आणि थेट गोठ्यापर्यंत बर्फ साफ करत गेला. प्रूइटने शपथेवर तक्रार केली. त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या जागी मी असते तर मीही केली असती.

सुनावणीच्या संध्याकाळी आर्डिस उभी राहिली, म्हणाली की लायल माझा भाऊ आहे, मी बाहेर बसते. दार लावून ती माझ्यावर येऊन बसली. लायल जिन्यापाशी उभा होता, आत बोलावण्याची वाट बघत. टोपी हातात पिळत होता. त्या दोघांच्या बोलण्यातूनच मला त्या पहाटेचं खरं कळलं.

मोठा रस्ता साफ करताना लायलला ट्रकच्या उजेडात आईच्या घराचं दार सताड उघडं दिसलं होतं. उंबऱ्यापासून सपातांचे ठसे निघाले होते आणि पडत्या बर्फात ते बुजत चालले होते. तो तसाच ट्रक आत घालत गेला. विल्मा गोठ्यात सापडली, अंगात नुसता झोपायचा झगा. गायी विकून वर्षं झाली होती आणि ती धार काढायला बसली होती. त्याने तिला आपल्या कोटात गुंडाळलं, ट्रकमध्ये ऊब दिली आणि आर्डिसला बोलावून घेतलं. भानावर आल्यावर म्हातारीने दोघांचे हात धरून सांगितलं, की मला विसर पडायला लागलाय हे गावात कोणाला कळू देऊ नका. लोकांनी माझ्याकडे दयेने बघितलेलं मला सोसायचं नाही.

"आत गेलास की सांग सगळं," आर्डिस हळूच म्हणाली. "दार बंद असतं. आतलं आत राहतं."

"मर्ल आहे ना आत? मग त्याच्या बायकोला आज कळेल आणि उद्या तिच्या बेकरीत पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला."

"मग काय, गप्प बसणार?"

लायलने टोपी काखेत मारली. मग म्हणाला, "आईबद्दल ते माझ्या तोंडून निघत नाही गं. मी घरी बोलून बघितलं, निघत नाही. तू नर्स आहेस, तुला नीट सांगता येतं. तू सांग ना त्यांना."

आर्डिसने माझे हात घट्ट धरले. तिची अंगठी माझ्या लाकडात रुतली.

"मी या खुर्चीवर बसलेय, लायल. इथून बोलता येत नाही."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरोबर आहे," तो म्हणाला. "खुर्ची तेवढी सांभाळ."

मित्रांनो, तो टोमणा तिला होता, पण लागला मला. मला वाचा असती तर त्या क्षणी ओरडून सांगितलं असतं, की अगं बाई, ऊठ! माझी पर्वा करू नकोस! पण लाकडाला वाचा कुठली.

माझी पाठ भिंतीला टेकलेली, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. लायलने सगळं कबूल केलं. हो, ट्रक आत घातला. हो, घर आईचं आहे. मर्लने अगदी मायेने विचारलं, काही अडचण होती का रे? कोणी आजारी वगैरे? मग लायल म्हणाला, नाही. आर्डिस माझ्यावर ताठ बसून होती, उठली नाही.

मंडळाने कठोरपणा केला, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे जे आलं त्यावर त्यांनी ठरवलं. नियम मोडला आहे, लेखी समज द्यावी, एवढंच त्यांनी सुचवलं. पण परिषदेची सभा खुली असते. ती समज भर सभेत वाचली गेली, मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं, आणि लायलने ट्रकच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या व तो निघून गेला. ज्या माणसाने गावाला नियम शिकवला, त्याच्याच नावाला बट्टा लागला. पुढे तो दूर कुठल्याशा दगडाच्या खाणीवर गाडी चालवायला लागला. बहिणीकडे त्याने पाठ फिरवली ती फिरवलीच.

वसंतात चर्चच्या जेवणावळीला विल्माने मर्लला आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं की गायी बांधल्यास का? लपवायचं म्हणून जे लपवलं होतं, ते असं भर जेवणाच्या ताटांवर उघडं पडलं. त्याच आठवड्यात मर्ल जिना चढून आला. आर्डिस दार उघडत होती.

"त्या पहाटे हेच झालं होतं का?" त्याने विचारलं. तिने होय म्हणून मान हलवली.

"अगं, मग दार ढकलून एवढं सांगायचं तरी होतंस!"

"खुर्चीवरचा माणूस बोलत नाही, मर्ल."

"नियमात असं कुठे आहे? आपल्या माणसाच्या प्रकरणात विचारविनिमयाला बसू नये, मत देऊ नये, एवढंच आहे. साक्ष द्यायला कोणी अडवलं होतं तुला?"

आर्डिसने दाराची मूठ सोडली. ती म्हणाली, "पण आपण ठरवलं होतं ना."

मर्लचा आवाज खाली आला. "आपण नाही गं. तू ठरवलंस. आणि आम्हाला ते इतकं आवडलं की आम्ही नियम पुन्हा वाचलाच नाही."

पुढे मंडळाने परिषदेला सगळं कळवलं आणि ती समज भर सभेत मागे घेतली गेली. प्रूइट स्वतः लायलला आणायला खाणीवर गेला होता म्हणे. लायल आला नाही. आईच्या अंत्यविधीला आला तेव्हा कबरीच्या पलीकडे उभा राहिला आणि फुलं टाकून तसाच गाडीत बसला. आर्डिसने मुदत संपल्यावर मंडळ सोडलं.

आता मंडळाची बैठक संगणकाच्या पडद्यावर होते. ज्याला बाजूला व्हायचं असेल तो आपला चौकोन बंद करतो, झालं. मी तळघरात नाताळच्या दिव्यांच्या खोक्यांखाली पडून असते. माझा एक पाय डुगडुगतो. त्याचं मला एवढं वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की माझा गौरव करणाऱ्यांनी माझ्यावर बसलेल्या माणसाकडे कधी नीट पाहिलं नाही. आपलं माणूस आत असेल तर आपण बाहेर बसावं, हे मी आजही म्हणेन. पण मित्रांनो, कोणाला बाहेर बसवाल तेव्हा दार लावण्याआधी त्याला एकदा विचारत जा, की तुला काही ठाऊक आहे का? आणि तुम्हीच बाहेर बसला असाल, तर खुर्चीचा मान राखायला माणूस गमावू नका.

परवा मतदानाच्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मला वर आणलं. दाराशी लोकांना रांगेत लावायला एक वाकलेली म्हातारी होती. कोणीतरी मला तिच्या मागे सरकवलं. बसता बसता तिचा हात अंगठीच्या त्या जुन्या खुणेवर पडला आणि तिथेच थांबला. आर्डिसने मला ओळखलं होतं. ती बंद दाराकडे बघत राहिली. मग हलकेच, पण एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "माझा भाऊ आईला शोधायला आत गेला होता."

शेजारच्या मुलीने वळून विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही गं," आर्डिस म्हणाली. "पुढच्याला आत घे."