आडव्या नऊ नळ्या

साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हुकूम सोडायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. घरातले गंजके पाइप बदलायला त्यांनी प्लंबरला बोलावलं ते त्याला शिकवायला. एक व्हिडिओ पाहून त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, प्रत्येक नळापाशी एक अशा नऊ हवेच्या नळ्या हव्यात. धावतं पाणी झटकन अडलं की पाइपला धडक देतं. टोक बुजवलेल्या उभ्या नळीत कोंडलेली हवा ती धडक झेलते, एवढं त्यांना पाठ होतं.

प्लंबरनं सांगून पाहिलं, की हातानं फिरवायच्या नळांना याची गरज नाही. आदळतो तो फक्त कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप, मशीनची झडप खटकन मिटते म्हणून. तिथे पाणी शिरणार नाही अशी हवेची एक बंद डबी बसवायची आणि पाइप भिंतीला घट्ट आवळायचा. साध्या नळीतली हवा हळूहळू पाण्यात विरते, मग ती नुसती शोभेला.

"किती शिकलास रे तू?"

"पाण्याला डिग्री दाखवून चालत नाही, साहेब," म्हणत प्लंबरनं पिशवी उचलली.

जाताना आतल्या खोलीत साहेबांची आई दिसली आणि त्याचा पाय अडखळला. मशीनचा पाइप आजींच्या उशापाशीच होता. तो आदळला की दार वाजलं समजून त्या उठायच्या. अशाच एकदा पडल्या, खुबा मोडला. पुन्हा पडल्या तर कायमचं अंथरूण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुसऱ्या कुणा प्लंबरनं मान डोलावून नऊ नळ्या बसवल्या. त्याही आडव्या, कारण उभ्या नळ्या साहेबांच्या नव्या कपाटाला आड येत होत्या. हवा वर चढते हे शेंबड्या पोरालाही कळतं. पहिल्याच धुण्याला नळ्या पाण्यानं भरल्या, भिंत दणाणली, आजी उठल्या आणि झोकांडल्या. सून, म्हणजे साहेबांची बायको, धावली म्हणून निभावलं.

नवऱ्याला न विचारता तिनंच प्लंबरला परत आणलं. एक डबी, पाइप आवळायला चार क्लॅम्प, तासाभराचं काम. मग मशीन लावलं. आजी काठी घट्ट धरून पलंगाच्या कडेला बसल्या. झडप मिटली. भिंत गप्प. थोडं थांबून आजींनी काठी बाजूला ठेवली आणि पाय पांघरुणात घेतले.

"बघ, लागू पडल्या ना शेवटी नऊ नळ्या?" साहेब दारातून म्हणाले.

प्लंबर हत्यारं पुसत राहिला. आजी मात्र त्याच्याकडे वळल्या. "भिंत गप्प केलीस, बाबा. आता याचंही काही जमतंय का बघ."