हलकी गोळी

शिशाची ती गोळी त्याच्या तळहातावर होती, हरभऱ्याहून बारीक, पण अंगानं भरीव — हवेच्या बंदुकीच्या नेहमीच्या छऱ्यासारखी कमरेत चिमटलेली नाही — आणि नाकाला खोलगट भोक, काहीतरी विचारायला तोंड उघडल्यासारखं... ऑर्व्हल टीगनं मूठ मिटली.

"ती जड आहे, ठेव खाली," काउंटरपलीकडून दुकानदार लॉनी म्हणाला. "खारीला कशाला? आरपार जाईल नि मागच्या झाडात बसेल. ही हलकी घे. आत शिरली की नाक फुलतं, सगळा जोर तिथंच. पण तुझ्या एअर रायफलला मानवते का ते आधी कागदावर झाडून बघ. बंदुकीच्या नळ्यांचे नखरे बायकांसारखे..." तो अडखळला. "व्हर्ना कशीय?"

"आहे."

दुकानामागच्या आवारात त्यानं रायफल बाकावर टेकवली नि दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या झाडून पाहिल्या. जड गोळ्या कागदभर विखुरल्या. हलक्या, वारा असूनही, जवळजवळ एकाच भोकातून गेल्या. मागच्या शनिवारी वाऱ्यानंच घात केला होता. छरा सरकून खारीच्या पोटात बसला, ती फरफटत झाडाच्या ढोलीत शिरली, आणि आतून नखांचा आवाज येत राहिला... हात पोचेना. संप बाई एकदाची, असं म्हणत तो बुंध्याशी बसून राहिला होता — आणि त्याच रात्री व्हर्नाच्या, त्याच्या आजारी बायकोच्या, खाटेशी, तिच्या छातीतली घरघर ऐकताना, तेच शब्द ओठांवर आले, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तो उगाच नळ सोडून उभा राहिला. तेव्हापासून ते रोज येत होते.

"मिळाली का रे खार?" त्या शनिवारी तो घरी आला तेव्हा व्हर्नानं विचारलं होतं. तिला रस्सा हवा होता. दोन चमचेही घशाखाली उतरत नसत, तरी मागायची.

"नाही. नेम चुकला."

"खोटं बोलतोस," ती डोळे मिटूनच म्हणाली होती.

दुपारी टेकडीवरच्या रानात खार फांदीवर आडवी बसलेली दिसली, पुढच्या पायांत हिकरीचं अक्रोडासारखं फळ धरून कुरतडत. डोळा आणि कान यांच्यामध्ये त्यानं नेम धरला. टाळीएवढा आवाज झाला, आणि ती पानांवर पडली. तडफड नाही, काही नाही. त्यानं उचलली तेव्हा अंग ऊन होतं, आणि दातांत फळाचा ओला, पांढरा कीस... तिला कळलंही नसेल. हेच तर हवं होतं आपल्याला — असं म्हणून, सुटल्यासारखं वाटेल म्हणून तो थांबला. वाटलं नाही. हिचं तर खाणंच अर्धं राहिलं, एवढंच मनात येत राहिलं. रोज रात्री मनात येणारे ते शब्द त्यानं पुन्हा म्हणून पाहिले; जीभ उचलेना. घर टेकडीच्या पायथ्यालाच होतं, आणि व्हर्नापाशी पोचायला आपल्याला उशीर तर झाला नाही ना, या भीतीनं त्याचे पाय उतारावर भराभर पडू लागले...