घड्याळवाल्यांची हिरवी गाडी

माझ्याकडे दोन स्पोर्ट्स कार आहेत, आणि दोन पुरेत असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साधीभोळी समजायला नको.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. वय सत्तावन्न. या वयाच्या बाईने काय काय करावं याची एक यादी लोकांकडे तयार असते आणि त्या यादीत दोन माणसांच्या बुटक्या, वेगाने पळणाऱ्या गाड्या नसतात. माझी एक लाल आहे, एक राखाडी. लाल भांडकुदळ आहे, थंडीत सुरू व्हायला नखरे करते. राखाडी गुणी आहे, म्हणून ती मी कमी चालवते. गॅरेजमध्ये जागा तीन गाड्यांची. तिसऱ्या जागेवर नवऱ्याची गाडी असते, तिला आम्ही दोघंही डबा म्हणतो. डब्यातून भाजी येते, सासूबाई येतात, एकदा तर कपाटाचं दार आलं होतं. नवरा गणिताचा मास्तर. गाडी म्हणजे इकडून तिकडे नेणारी वस्तू, यापलीकडे त्याला काही दिसत नाही.

माझा जीव अडकला होता तो घड्याळवाल्यांच्या हिरव्या गाडीत. माझ्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. चाळीस वर्षांपूर्वी ती गाडी त्यांनी भंगारातून उचलली आणि सात वर्षं एकेक भाग स्वतः घासून, बसवून उभी केली. कापडी छप्पर, लाकडी स्टिअरिंग, आणि इंजिनाचा आवाज चांगल्या शिवणयंत्रासारखा, एकसारखा. सिग्नलला शेजारी येऊन थांबली की मी माझी काच खाली करायची.

"कधी देताय?" मी विचारायची.

"चालवणं सुटेल त्या दिवशी. तुम्हालाच देईन, दुसऱ्या कुणाला नाही," ते म्हणायचे.

अकरा वर्षं हा संवाद असाच चालला होता. मी गमतीने विचारते असं मी सगळ्यांना सांगायची, पण त्यात गंमत कणभरही नव्हती.

एका मंगळवारी ते दवाखान्यात आले. वाहन परवान्याचं नूतनीकरण होतं, त्यासाठी डोळ्यांचा दाखला हवा होता. सोबत त्यांची मोठी बहीण. ते शहात्तर वर्षांचे, ताई ब्याऐंशीच्या. आई लवकर गेल्यावर ताईंनीच त्यांना वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. दर रविवारी सकाळी हिरव्या गाडीचं छप्पर उघडून दोघं नदीकाठच्या रस्त्याने लांबच्या पुलापर्यंत जाऊन येतात. सबंध आठवड्यात ताई घराबाहेर पडतात ते तेवढ्यासाठीच.

मी त्यांच्या डोळ्यांवर भिंगांची चौकट चढवली, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरचे आकडे वाचायला सांगितले. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीपासून ते प्रत्येक आकड्याआधी थोडं थांबायला लागले, पण उत्तर मात्र अचूक. चौथ्या ओळीला मला मागून कुजबुज ऐकू आली.

"सात."

मी वळून पाहिलं. ताई भिंतीकडे बघत होत्या.

"ताई, तुम्ही सांगताय त्यांना?"

"मी खोकले."

"सात असं खोकलात?"

मी त्यांना बाहेर बसवलं. त्यानंतर घड्याळवाल्यांना तिसऱ्या ओळीतला एकही आकडा वाचता आला नाही. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू होता. मी ताईंना परत आत बोलावलं आणि सरळ विचारलं, की हे गाडी चालवतात कसे. घड्याळवाल्यांनी नजर खाली वळवली. ताईंनी मात्र अभिमानाने सांगितलं.

"मी असते ना शेजारी. लाल लागला की सांगते. डावीकडून कुणी आलं तर गुडघ्यावर एक चापट, उजवीकडून आलं तर दोन. एवढ्या दिवसांत कुणाला धक्का लागलेला नाही."

"आणि तुम्हाला दिसतं?"

"लांबचं दिसतं की. जवळचं दिसत नाही. जवळचं याला दिसतं."

त्यात खोटं काही नव्हतं. काही मोतीबिंदूंमध्ये लांबचं जातं आणि जवळचं उलट सुधारतं. हा माणूस रस्त्यावरचा ट्रक ओळखू शकत नव्हता आणि हातातल्या घड्याळातला केसाएवढा स्क्रू त्याला चष्म्याशिवाय दिसत होता. दोन माणसं मिळून एक ड्रायव्हर झाली होती. मला हसू आलं आणि मागोमाग अंगावर काटा आला. रविवारी त्या रस्त्यावर मुलं सायकली शिकतात.

आता माझी एक सवय सांगते. मोतीबिंदूचा रोगी ऑपरेशनला नको म्हणाला तर मी त्याला सोडत नाही. माझ्या टेबलावर प्लास्टिकचा मोठा डोळा आहे, त्यातलं भिंग काढता येतं. ते मी रोग्याच्या हातात देते, समजावते, न ऐकल्यास आवाज चढवते. एका निवृत्त न्यायाधीशाला मी दार अडवून अर्धा तास बसवून ठेवलं होतं. माझ्या नर्सबाई याला 'बाईंचा तास' म्हणतात आणि तो सुरू झाला की पुढच्या रोग्यांना चहा पिऊन यायला सांगतात.

"ऑपरेशन करता येईल," मी घड्याळवाल्यांना म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "पन्नास वर्षं चिमट्याने बारीक काम केलंय मी. हात जरासा हलला तर काय होतं ते मला माहीत आहे. तुम्ही दाखला देऊ नका. जवळचं दिसतंय तोवर दुकान चालेल. गाडी शनिवारी तुमच्याकडे आणून देतो, शेजारचा पोरगा चालवेल."

"बरं. तुमची इच्छा," मी म्हटलं.

मी खोटं काही बोलले नाही. ऑपरेशनचं मी सांगितलं होतं, फक्त चहात साखर घालू का विचारावं तसं सांगितलं होतं. प्लास्टिकचा डोळा जिथल्या तिथे राहिला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "एवढंच?" त्यांनी विचारलं. "एवढंच," मी म्हटलं आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

संध्याकाळी घरी येऊन मी पहिल्यांदा मोजपट्टी शोधली. गॅरेजमध्ये उकिडवी बसून मोजत होते तेव्हा नवरा आला. मी त्याला सांगितलं की शनिवारपासून डबा बाहेर रस्त्यावर राहील. तो हो म्हणाला. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच्या हातात मोजपट्टीचं टोक दिलं आणि दुपारची सगळी हकीकत सांगितली.

"ऑपरेशनने त्यांना दिसेल का?" त्याने विचारलं.

"दिसेल. पडदा चांगला आहे मागचा."

"मग?"

"नको म्हणाले ते."

"आणि तू किती वेळ भांडलीस?"

"टोक नीट धरा," मी म्हटलं.

त्याने नीट धरलं. मग म्हणाला, "माझ्या आईशी तू दोन दिवस भांडली होतीस. ती हो म्हणेपर्यंत जेवली नव्हतीस."

मी चिडले. तुम्ही तुमची गणितं शिकवा, माझ्या पेशात नाक खुपसू नका, असं बरंच बोलले. तो मोजपट्टी गुंडाळून आत गेला. मी लाल गाडीत जाऊन बसले, पण किल्ली फिरवली नाही. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट हे की तेवढं वाटूनही मला शनिवारची वाट पाहावीशी वाटत होती. नवी गाडी कुठल्या कोपऱ्यात शोभेल ते मी तिथूनच बघत होते.

बुधवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी प्लास्टिकचा डोळा पिशवीत घातला आणि दुकानात गेले. ताई गल्ल्याशी बसल्या होत्या. घड्याळवाले एका पत्र्याच्या डब्यात गाडीचे सुटे भाग भरत होते. प्रत्येक पुडीवर भागाचं नाव आणि तो कधी बदलावा हे लिहिलेलं. माझ्यासाठी.

बसायच्या आधीच मी बोलून टाकलं. "काल मी तुम्हाला फसवलं. ऑपरेशन करून घ्या असं मी बजावून सांगायला हवं होतं. तुम्हाला दिसायला लागेल, अजून कितीतरी वर्षं गाडी चालवाल. मला गाडी हवी होती म्हणून मी जोर लावला नाही."

त्यांनी मान वर केली नाही. एक पुडी डब्यात ठेवली.

"माहीत होतं मला," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही जोर लावणार नाही ते. या रस्त्यावर आणखी दोन डोळ्यांचे डॉक्टर आहेत, दोघंही तुमच्यापेक्षा जवळ. त्यांच्याकडे गेलो असतो तर त्यांनी ऑपरेशनला धरून बसवलं असतं. तुमचा गाडीवर डोळा आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी भितो हो ऑपरेशनला. म्हटलं, या बाई काही आग्रह करायच्या नाहीत."

तीस वर्षांच्या पेशात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी चुकले होते हे मी स्वतःच सांगायला आले होते, त्याचं काही नाही. पण या माणसाने माझ्या हावरटपणावर भरवसा टाकला होता, आणि तो भरवसा चुकला नव्हता.

मग ताई बोलल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून माझा रविवार घालवलात," त्या म्हणाल्या. "याला भीती वाटते म्हणून, आणि यांना गाडी हवी म्हणून. मला कुणी विचारलं?"

घड्याळवाल्यांनी डबा बाजूला सारला. ते बहिणीकडे बघत राहिले. दोन हातांवरून त्यांना तिचा चेहरा कितपत दिसत असेल, मला सांगता येत नाही. मग त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. "काय आणलंय ते दाखवा," म्हणाले.

मी तास घेतला. पूर्ण घेतला, दोन गिऱ्हाइकं दाराशी ताटकळली. त्यांनी प्लास्टिकच्या डोळ्यातलं भिंग स्वतः काढलं, नाकाजवळ नेऊन पाहिलं, परत बसवलं. छेद केवढा घेता, विचारलं. अडीच मिलिमीटर, मी म्हटलं. नवं भिंग आत कसं जातं? घडी घालून जातं, आत उघडतं. हे त्यांना आवडलं. मग त्यांनी मला काउंटरच्या आतल्या बाजूला, स्वतःच्या खुर्चीत बसवलं. समोर एक बायकी मनगटी घड्याळ उघडून ठेवलं, माझ्या हातात चिमटा दिला आणि बशीतल्या एका स्क्रूकडे बोट दाखवलं.

"तो उचला आणि त्या भोकात उभा करा. डोळ्याला भिंग न लावता."

स्क्रू तिळाहूनही लहान होता. मी श्वास सोडला, मनगट टेकवलं आणि तो उचलून उभा केला. ते माझ्या हाताशी नाक लावून बघत होते.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पुन्हा केला. तिसऱ्यांदाही केला. त्यांनी चिमटा परत घेतला, पुसून खणात ठेवला.

"मनगट टेकवता ते चांगलं आहे," ते म्हणाले. "डावा आधी करा. डावा जास्त वाईट आहे."

डावा केला, महिन्याने उजवा केला. दोन्ही सरळ पार पडले. त्या दोन महिन्यांत हिरवी गाडी ताडपत्रीखाली होती आणि रविवारी नवरा ताईंना डब्यात बसवून पुलापर्यंत नेऊन आणायचा. डब्यात वारा लागत नाही, अशी ताईंची तक्रार होती.

मग घड्याळवाले दाखल्यासाठी आले. ताई बाहेर बाकावर बसल्या, मीच तसं सांगितलं होतं. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळे आकडे न अडखळता वाचले आणि तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. मी दाखला भरला. परवान्याची मुदत पाच वर्षं. पाच वर्षांनी ते एक्क्याऐंशीचे होतील आणि मी बासष्टची, हा हिशेब सही करता करता माझ्या डोक्यात होऊन गेला. मी त्याला अडवलं नाही आणि तो अडला असता असंही मला वाटत नाही.

"पाच वर्षांनी परत येतो," ते दाखल्याची घडी घालत म्हणाले. "तुमच्याकडेच."

"नको," मी म्हटलं. "माझ्याकडे नका येऊ."

ते हसले. मी हसले नाही. बाकीच्या दोन डॉक्टरांपैकी जो अधिक कडक आहे त्याचं नाव आणि पत्ता मी चिठ्ठीवर लिहिला आणि ती त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवली.