गुलाबी पाण्यातले परब

"फोन ठेव आणि दुसऱ्या कुणाला तरी गंडव," मी म्हटलं आणि कट केला.

दुपारची वेळ. मांडीवर कुणाची तरी साडी, फॉल अर्धा लावून झालेला, आणि ही मुलगी फोनवर विचारते, चंद्रप्रकाश परबांच्या घरून बोलताय ना? त्यांच्या पेशी आमच्याकडे आहेत, त्याबद्दल बोलायचं होतं. माणूस जाऊन वर्ष होत आलं आणि पेशी म्हणे हिच्याकडे! आधी केवायसी, मग आज रात्री लाइट कापणार, मग तुमच्या कुरिअरमध्ये ड्रग्ज सापडलं, आणि आता हे. उद्या ओटीपी मागतील.

मी संशयी आहे, अख्ख्या भटवाडीला ठाऊक आहे. भाजीवाला माझ्यासमोर काट्याला बोट लावत नाही. आमचे हे म्हणायचे, "मालन, तू देवाला नैवेद्य दाखवलास तरी नंतर लाडू मोजून घेशील." हे लिफ्ट मेकॅनिक होते. घाटकोपरच्या निम्म्या इमारती त्यांच्या हातावर वर-खाली व्हायच्या आणि मी घरी बसून विचार करायचे, इतका वेळ कसली लिफ्ट दुरुस्त होतेय!

संध्याकाळी नितेश कामावरून आला तेव्हा मी त्याला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. बूट काढता काढता तसाच थांबला.

"आई, तो फ्रॉड नाहीये."

"म्हणजे?"

"ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं. किडनी काढतोच आहोत, तर कॅन्सरच्या गाठीचा एक तुकडा संशोधनाला देता का. पप्पाच हो म्हणाले. म्हणाले, जुना पार्ट उघडून बघितल्याशिवाय नवीन पोरं शिकणार कशी? देऊन टाक."

"आणि मला कुणी विचारायचं?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऑपरेशनच होऊ दिलं नसतंस ना!"

खरं होतं. म्हणून तर जास्त राग आला. पण खरा धक्का पुढेच होता. त्या तुकड्यातल्या पेशी लॅबवाल्यांनी वाढवल्या होत्या आणि त्या अजून वाढत होत्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार. "जिवंत आहेत गं त्या," नितेश म्हणाला.

माझ्या हातातलं ताट खाली गेलं. कारण ह्यांच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. स्मशानामागच्या कट्ट्यावर पिंड ठेवून आम्ही उन्हात उभे. नितेशचं लग्न करीन म्हटलं, गावच्या घराची कौलं बदलीन म्हटलं, शेवटी मोठ्याने म्हटलं की आता कुणावर संशय घेणार नाही. समोरच्या पिंपळावर कावळे बसलेले, एक खाली येईल तर शपथ. अखेर दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून मी शोधत होते, यांचं अडकलंय कशात? भावकीत, गावच्या वाटणीत, आणखी कुणात? आणि हे बघा. माणूस पुरता गेलाच नव्हता तर कावळा शिवणार कसा!

गावाहून नानांचा फोन आला, म्हणजे माझ्या दिराचा. त्यांनाही तेच वाटलं. "वयनी, तुमी आधी तां बंद करूक सांगा. माणूस अर्धो हंय, अर्धो थंय. वर्षश्राद्धाच्या आधी मोकळो करा माझ्या भावाक."

मोकळं करायचं. एवढंच डोक्यात घेऊन मी नितेशबरोबर मुलुंडला त्या लॅबमध्ये गेले.

फोनवाली मुलगी म्हणजे गंधाली. अंगावर पांढरा कोट, केस कसेतरी वर बांधलेले. गोड बोलत होती, म्हणून मी जास्तच सावध झाले. तिने नितेशच्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला. म्हणाली, "पेशी दुसऱ्या लॅबला पाठवण्याआधी त्या काकांच्याच आहेत ना, हे तपासायचा नियम आहे. काकांचं रक्त ठेवलं होतं, पण फ्रीजर बंद पडून ते खराब झालं. म्हणून मुलाशी जुळवून बघायचं."

"म्हणजे कोण कुणाचं, ते तुमचं तुम्हालाच माहीत नाही?"

"माहीत आहे हो काकू. ही फक्त फॉरमॅलिटी."

मग तिने उबदार कपाटातून एक चपटी प्लास्टिकची बाटली काढली. आत गुलाबी पाणी, रोझ सरबत असावं तसं. तळाशी पेशी आहेत म्हणाली, मला तर काही दिसेना.

"ह्यात राहून खातात काय?"

"ह्या पाण्यात सगळं असतं. मीठ, साखर..."

"साखर? अगं, डायबिटीस होता त्यांना!"

नितेशने कपाळाला हात लावला. गंधालीने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एक डोळा मिटून पाहिलं तर लांबट, टोकदार, एकमेकींना खेटून बसलेल्या. हे ह्यांचं? आणि मग लक्षात आलं, आजार तो हाच.

"ज्याने त्यांना खाल्लं, त्यालाच तू खायला घालतेयस?"

ती म्हणाली, "हो काकू. ह्याला मारायचं कसं ते शिकायचं, तर आधी ह्याला जिवंत ठेवावं लागतं. आणि हा फार चिवट आहे. तीन औषधं घालून बघितली, दाद देत नाही."

चिवट! शेवटच्या आजारात हात थरथरायचा, तरी ह्यांनी मला एक घास भरवू दिला नाही. भात सांडायचा, पण चमचा सोडायचे नाहीत. मी पुन्हा त्या भिंगाला डोळा लावला. किती वेळ ते नाही सांगता येणार.

"बंद कर म्हटलं तर करशील?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तर आत्ता," ती म्हणाली.

भांडायची सगळी तयारी करून गेले होते, ती तशीच राहिली. म्हटलं, तुझी तपासणी होऊ दे, मग सांगते.

घरी आले आणि चैन पडेना. दोन दिवसांनी मीच फोन केला. "पाणी बदललंस का?" "आजच बदललं काकू." मग तो नादच लागला. फॉल लावता लावता फोन करायचा, कसे आहेत विचारायचं. ती म्हणायची, बाटली भरली, आता दुसरीत घालतेय. मी म्हणायचे, जागा पुरत नाही हे त्यांचं नेहमीचंच. नितेश म्हणायचा, आई, वाट लागलीये तुझी. लागू दे. वर्षभर घरात बोलायला कुणी नव्हतं.

नानांना मी सांगून टाकलं, "भावोजी, राहू देत ते तिथे. कुणाच्या तरी कामाला येतायत." नाना रागावले. वर्षश्राद्धाला येणार नाही म्हणाले. नका येऊ म्हटलं.

आणि त्याच आठवड्यात गंधाली घरी आली. फोन न करता, न कळवता. दारात तिचा चेहरा बघितला आणि मी ओळखलं, काहीतरी बिनसलं.

"काकू, जुळलं नाही."

"काय जुळलं नाही?"

"त्या पेशी काकांच्या नाहीत. त्या एका बाईच्या आहेत."

लग्नाच्या एवढ्या वर्षांत मी ह्यांच्यावर नाही नाही ते संशय घेतले, पण हा कधी सुचला नव्हता. "बाई? कोण बाई?"

तिने रडत रडत सांगितलं. परदेशातली कुणी बाई, पन्नास वर्षांपूर्वी हाच आजार होऊन गेलेली. तिच्या पेशी जगभरच्या लॅबमध्ये वाढवतात, हिच्याकडेही होत्या, त्याच कपाटात. कधीतरी एकच नळी दोन बाटल्यांत गेली असणार. एक थेंब पुरतो. तिच्या पेशी भराभर वाढणाऱ्या, ह्यांच्या संथ. थोड्या दिवसांत सगळी जागा तिने घेतली.

"मग हे?"

"ते टिकले नाहीत काकू. बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गेले असतील. आम्हाला कळलंच नाही."

म्हणजे हे इथे खाटेवर झोपून होते तेव्हाच तिकडचे संपले होते. माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की ही खोटं बोलतेय, पेशी स्वतःकडे ठेवायच्यात म्हणून. पण खोटं बोलायला कुणी एवढ्या उन्हातून रडत येतं का? संशय घ्यायला मला काही उरलंच नाही. मग कावळा का शिवला नव्हता, कुणास ठाऊक! मी ओक्साबोक्शी रडले. एकाच माणसाला मी दोनदा गमावलं, आणि दुसऱ्यांदा गेला तेव्हा जवळ कुणीच नव्हतं.

नितेशने दोघींना पाणी दिलं. जरा वेळाने मी विचारलं, "आता त्या बाटल्यांचं काय करणार?"

"आमच्या कामाच्या नाहीत त्या. उद्या ब्लीच घालून टाकून देणार."

"मी येते."

"काकू, पण त्या काकांच्या नाहीत."

"कळलं गं. एकदा सांगितलंस ना."

दुसऱ्या दिवशी नितेशला कामावर जाऊ दिलं आणि मी एकटीच गेले. मयताला नेसते ती फिकी साडी नेसले होते. गंधालीने चार बाटल्या बेसिनपाशी ओळीने ठेवल्या होत्या. आतून त्यांचे कुणी मोठे साहेब आले आणि मला बघून थबकले.

"ह्या कोण? परबांच्या मिसेस का? मॅडम, तुम्हाला सांगितलं ना, ते सॅम्पल तुमच्या मिस्टरांचं नाही. मग तुम्ही इथे कशाला?"

गंधालीने हातातला ब्लीचचा कॅन बेसिनवर ठेवला.

"मी त्या बाईच्या घरून आलेय," मी म्हटलं.

साहेब बाजूला झाले. मी चपला दाराबाहेर काढून आले आणि डोक्यावरून पदर घेतला. गंधालीने पहिल्या बाटलीचं झाकण उघडलं, ब्लीच ओतलं. गुलाबी रंग उडायला लागला. पाणी पार पांढरं होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.