उतार नसलेलं मैदान

गारा थांबल्या, ढग वैनगंगेकडे सरकले, तरी मैदानावरचं पाणी हललं नाही.

वारलू बोरकुटे धुऱ्यावर, मैदानाच्या बांधावर, उभा राहून बघत होता. गोलचे दोन्ही खांब पाण्यात उलटे दिसत होते. एका बाजूला पाणी जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, असं कुठेच नव्हतं. सगळीकडे सारखंच, बोटाची दोन पेरं बुडतील इतकं. महिनाभर तो याच गोष्टीची शेखी मिरवत होता.

"मैदान मांगतलं होतं, बोडी झाली," शेजारी उभा असलेला मुखरू म्हणाला. मुखरू संघाचा गोलकीपर. धानाच्या गिरणीत कामाला होता आणि तोंडाला कधी कुलूप नसायचं. "साहेबाले सांगा, हॉकी राहू द्या, डोंग्याची शर्यत ठेवा."

"चूप बस बे."

"चूप बसतो. पण दुपारच्या गाडीनं थो कॅप्टन येऊन राह्यला, त्याले कोण चूप बसवन?"



पाच देशांचे हॉकी संघ त्या वर्षी भारतात येणार होते. मोठे सामने नागपूरला ठरले होते, पण एक सामना जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या दुसऱ्या एखाद्या शहराला द्यायचा होता. अमरावती आणि रायपूर मागे पडली. उरली दोनच नावं, जबलपूर आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. जबलपूरजवळ छावणीचं जुनं मैदान होतं. चांद्याजवळ होती ती रेल्वेची लाइन, कारण सामन्यानंतर संघ मद्रासला जाणार होते आणि मद्रासची गाडी चांद्यावरूनच जाते. मैदान बघायला नागपूरहून कॅप्टन बक्षी येणार होते; ते धड असेल तर सामना चांद्याला, एवढं साधं गणित होतं. आणि ज्या शहरात सामना, त्या शहराच्या आणि आसपासच्या खेळाडूंचा संघ परदेशी संघाशी खेळणार.

वारलू एकतीस वर्षांचा होता. दिवसा बल्लारशाच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने शिक्के मारायचा आणि संध्याकाळी सेंटर हाफ खेळायचा. अलीकडे थंडीत डावा गुडघा आखडायचा. अशी संधी पुन्हा येणार नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एकदा, एकदाच, समुद्रापलीकडून आलेल्या माणसाच्या काठीवरून चेंडू काढून घ्यायचा होता.

म्हणून तर पठाणपुरा दरवाज्याबाहेरची घरची धानाची बांधी त्याने मैदानासाठी दिली होती. माय भागीरथा आधी कुरकुरली आणि मग स्वतःच पदर खोचून पुढे झाली. धानाचं शेत सपाट करण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. रीत जुनीच. शेजारच्या बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी बांधीत सोडायचं, चिखल करायचा, आणि पाण्याबाहेर जो उंचवटा डोकं काढेल तो छाटून खोलगट जागी ओढायचा. पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं की काम झालं. ते वाळल्यावर वर मुरूम अंथरला, शेणाचा सडा घातला आणि रूळ फिरवला.

संघाचे सेक्रेटरी, शाळेचे ड्रिल मास्तर देवगडे, तेव्हा एकदा म्हणाले होते, "वारलू, मध्ये जरा उंच ठेवू. कडेकडे उतार दिला की पाणी थांबत नाही."

ते ऐकून भागीरथा खळखळून हसली होती. "बांधीले उतार? मास्तर, लोकं म्हणतीन भागीरथेचा हात गेला."

वारलूही हसला होता. ज्या घरात सपाट बांधी हीच अब्रू, तिथे उतार म्हणजे खोट. चेंडू सरळ जायला हवा असेल तर जमीन पाण्यासारखी हवी, असं त्याने मास्तरांना समजावलं होतं आणि सगळ्या संघाने मान डोलावली होती. धानाला पाणी धरून ठेवणारी जमीन लागते, हॉकीला पाणी सोडून देणारी, हा फरक त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आला नाही.

आता मास्तर सायकल टाकून धावत आले. त्यांनी पाणी बघितलं. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले वारलूला दिसले, पण त्यांनी विचारलं वेगळंच.

"मधून चर काढला तर?"

"मैदान चिरलं जाईन मास्तर. मंग दाखवाचं काय?"

"मग?"

"लोटून काढू. फळ्या आणा."

हाताशी होता तेवढा संघ आणि भागीरथेबरोबर धान रोवणाऱ्या बाया कामाला लागल्या. लांब फळ्या जमिनीला टेकवून, पाणी पुढे ढकलत, सगळ्यांनी ते बोडीकडच्या कोपऱ्यात नेलं आणि तिथे धुरा फोडला. पाणी गेलं. पण सगळ्या मैदानाचं पाणी त्या एका कोपऱ्यावरून गेलं होतं. तिथला मुरूम वाहून गेला आणि खालची काळी माती लोण्यासारखी उघडी पडली. वारलूने पाय ठेवला तो घोट्याच्या वरपर्यंत आत गेला.

ऊन चांगलं पडलं होतं. बाकीचं मैदान तासातासाला फिकं होत चाललं. कोपरा मात्र तसाच. मुखरूने गिरणीतून बैलबंडीभर तूस आणि राख आणली. चिखलावर तूस, त्यावर राख, त्यावर सुका मुरूम पसरला. वरून बघता ओळखू येईना.

"नवरीच्या तोंडाले पावडर," मुखरू म्हणाला. "फक्त नवरदेवानं हात नाई लावला पाह्यजे."

मास्तर टोपी हातात घेऊन उभे होते. "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, वारलू."

"तुमाले नाई बोलावं लागणार."

कॅप्टन बक्षी नागपूरचे, फौजेतून निवृत्त झालेले, ताठ मानेचे गृहस्थ. स्टेशनवरून थेट मैदानावर आले. चहा नाकारला. खिशातून चेंडू काढून त्यांनी मधोमध ठेवला, काठीने हलकेच ढकलला आणि वाकून बघत राहिले. चेंडू रेघ ओढल्यासारखा गेला. दुसऱ्या दिशेला, तिसऱ्या दिशेला, तसाच.

"अरे वा," ते म्हणाले. "कुणी केलं हे?"

"माझ्या मायनं," वारलू म्हणाला.

कॅप्टननी धुऱ्यावर बसलेल्या भागीरथेकडे बघून मान लववली. ती पदर सावरून दुसरीकडे बघू लागली.

"इकडे पाऊस झाला का? गाडीतून झाडं धुतलेली दिसली."

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी वारलू बोलला, "थोडा शिडकावा झाला साहेब."

"हं. जबलपूरचं मैदान मोठ्या पावसानंतरही दोन तासांत कोरडं होतं. तुमचं शिडकाव्याला तरी टिकलेलं दिसतंय." कॅप्टननी गळ्यातली शिट्टी बाहेर काढली. "पण मैदान चालून कळत नाही. दोन संघ उतरवा. मैदानही बघतो आणि माणसंही. परदेशी संघासमोर कोण उभं राहणार, तेही मलाच ठरवायचंय."

बल्लारशाच्या कोळसा खाणीचा संघ सरावासाठी बोलावलेलाच होता. त्यांचा उजवा विंगर लच्छू, हरणासारखा पळणारा. कोपऱ्याचं त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्यापैकी कुणी बोलून गेला असता तर सगळंच संपलं असतं.

पहिल्या डावात बोडीकडचा कोपरा चांद्याच्या चढाईच्या उजव्या हाताला होता. वारलू मध्ये उभा राहिला आणि येणारा प्रत्येक चेंडू डावीकडे देत गेला. उजवा विंगर मंगरू मोकळा उभा होता, समोर वाट होती. सकाळपासून तो कामावर होता, चिखल त्याने बघितला नव्हता.

"वारलूभाऊ, इकडं! इकडं दे नं!"

वारलूने डावीकडे दिला. डावीकडे तीन माणसं चिकटलेली होती. चेंडू गेला.

"डोळे फुटले काय बे तुहे?" मंगरू ओरडला. "मी काय इथी गवत खाऊन राह्यलो?"

कॅप्टन कडेने चालत होते. वारलूला त्यांची नजर पाठीवर जाणवत होती. आजवर तो चेंडू बघून खेळायचा. आज तो एक जागा बघून खेळत होता. मंगरूला पास दिला असता तर गोल होता, तो स्पष्ट दिसत होता, आणि त्याने पास दिला नाही. पहिला डाव शून्य-शून्य संपला.

बाजू बदलल्या. आता तो कोपरा मुखरूच्या गोलजवळ आला आणि लच्छूच्या धावेच्या अगदी पुढ्यात. त्यात कॅप्टन उन्हाला कंटाळून त्याच बाजूच्या बाभळीखाली येऊन उभे राहिले. कोपऱ्यापासून चार पावलांवर.

मुखरूने गोलमधून वारलूकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून थट्टा निघाली नाही. "लच्छूले धर," एवढंच तो म्हणाला.

वारलूने लच्छूला धरलं. सावलीसारखा त्याला चिकटून राहिला. मध्यभाग ओस पडला, खाणवाले तिथून घुसत राहिले, मुखरूने दोन चेंडू पायांनी अडवले. "वारलू, आपल्या जागेवर!" मास्तर बाहेरून ओरडले आणि ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते खाली बघू लागले.

शेवटची काही मिनिटं उरली असताना कुणीतरी लांब फटका मारला. चेंडू वारलूच्या डोक्यावरून गेला आणि लच्छू सुटला. पुढे कुणी नव्हतं. चेंडू तिरका, कोपऱ्याकडे चालला होता आणि लच्छू मान खाली घालून पूर्ण वेगाने त्याच्यामागे. वारलू धावला. आखडलेला गुडघा ओरडत होता. त्याला दिसलं ते एवढंच, की या वेगाने याचा पाय त्या चिखलात गेला तर पाय आत राहील आणि माणूस पुढे जाईल. आणि कॅप्टन चार पावलांवर.

चेंडू गाठणं शक्य नव्हतं. वारलूने काठी लांबवली आणि लच्छूच्या पायांत घातली.

लच्छू आडवा झाला. कडक मुरमावर घसरत गेला आणि झाकलेल्या चिखलापासून हातभर अलीकडे थांबला. शिट्टी वाजली. चेंडू एकटाच पुढे गेला, कोपऱ्यात मंदावला आणि अर्धा आत बसला. पण कॅप्टन लच्छूकडे धावले होते. मुखरूने पुढे होऊन वाकून चेंडू उचलला आणि चड्डीच्या मागच्या बाजूला पुसला.

"हा काय खेळ आहे?" कॅप्टनचा आवाज चढला. "चेंडू तिकडे, काठी पायांत? बाहेर हो."

वारलू बाहेर गेला. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी अशी शिट्टी कधी वाजली नव्हती.

खेळ संपल्यावर कॅप्टननी मास्तरांचा हात हातात घेतला. "मैदान झकास आहे. सामना चांद्याला द्या असंच मी नागपूरला सांगणार." मुखरूने काठी हवेत उडवली. मंगरू ओरडत धावला. कॅप्टन पुढे म्हणाले, "मात्र सेंटर हाफ दुसरा शोधा. उजवी बाजू याला दिसत नाही, जागा सोडतो, आणि वर दांडगाई करतो. पाहुण्यांच्या देखत असला माणूस मी उभा करणार नाही."

"साहेब, त्याचं असं आहे..." मास्तर म्हणाले.

"साहेब बरोबर सांगून राह्यले मास्तर," वारलू म्हणाला. त्याने मास्तरांच्या नजरेला नजर दिली आणि हलवली नाही. मास्तरांनी टोपी डोक्यावर चढवली.

कॅप्टनना घेऊन सगळे चहाला गेले. लच्छू सोललेल्या गुडघ्याला पागोट्याची चिंधी बांधत मागे राहिला होता. तो लंगडत आला.

"वारलूभाऊ, तुमच्यावानी खेळावं म्हणून मी हॉकी धरली. मले काऊन पाडलं?"

वारलूने त्याला हाताला धरून कोपऱ्यात नेलं आणि काठी तिथे उभी दाबली. ती हातभर सहज आत गेली. लच्छू काठीकडे, मग आपल्या पायाकडे बघत राहिला.

"बाप रे," तो हळूच म्हणाला. मग, "सांगितलं काऊन नाई साहेबाले?"

"सांगितलं असतं तं सामना जबलपूरले गेला असता."

"पण आता तुम्ही तं खेळत नाई!"

"तू खेळशीन नं. मंगरू खेळन." वारलूने काठी ओढून काढली. तिच्या टोकाला काळी माती चिकटली होती. "अन् कुणीबी खेळला तरी याच्यावरून धावन. पाऊस काय विचारून येत नाई."

भागीरथा धुऱ्यावरून उठून जवळ आली. तिने सगळं ऐकलं होतं. मैदानाकडे तिने एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, जसं कापणीनंतर शेताकडे बघतात.

"इतकं चांगलं सपाट," ती म्हणाली. मग कोपऱ्यातलं फावडं उचललं. "इचार त्या मास्तरले, किती उतार पाह्यजे थ्याले."

कॅप्टनना चहाला बसवून मास्तर परत येतच होते. लांबूनच वारलूने हाक मारून विचारलं.

"मधून कडेपर्यंत वीतभर!" मास्तरांनी हात पसरून दाखवलं.

"वीतभर," भागीरथा पुटपुटली. "लोकं हासतीन."

वारलूने बोडीच्या काठची माती टोपल्यात भरली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि चालत मैदानाच्या मधोमध गेला. ती सेंटर हाफची जागा. तिथे तो जरासा थांबला. मग टोपलं उलटं केलं, पायाने माती पसरली आणि दुसरं भरायला परत फिरला.