गळतीवर कुणाचं नाव?

जुन्नर तालुक्यातल्या मढच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावात महादेवाचं दगडी देऊळ. सात-आठशे वर्षांचं असेल. बांधणाऱ्याला स्वतःचं नाव कोरायचं सुचलं नाही. ती उणीव आम्ही भरून काढली. बाकांवर नावं, कठड्यावर नावं, पंख्यांच्या पात्यापात्यावर नावं. गाभाऱ्यात भर वैशाखात हुडहुडी भरते, तरी बाहेर पंखे सहा. घड्याळं चार, आणि चौघांचं एकमत नाही. त्यातलं एक माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ आहे, म्हणून मी फार बोलत नाही.

मी देवस्थान समितीचा सचिव, निवृत्त शिक्षक. पूजेला साळुबाई गुरवीण. सासूने मरताना तिच्याकडे नंदादीप सोपवला होता, विझू द्यायचा नाही म्हणून. गेल्या पावसाळ्यात छत गळलं आणि दिवा तीनदा विझला. तिन्ही वेळा ती माझ्या ओट्यावर येऊन रडली.

"मास्तर, मला पंखा नगं, घंटा नगं. दिव्यावरची गळती तेवढी थांबवा."

जुन्नरहून दस्तगीरभाईंना आणलं. चुन्याच्या कामातला जुना माणूस. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून चुना मळायचा, छताच्या फटी भरायच्या, वरून थर द्यायचा. खर्च साठ हजार. बैठकीत जो तो एकच विचारी, "नाव कुठं टाकणार?" छतावरचं नाव वाचणार कोण, कावळे? त्याच बैठकीत घंटेला मात्र तीन दाते मिळाले. देवळात घंटा आधीच पाच होत्या.

मग माझं डोकं चाललं. माळशेजच्या रस्त्याला हॉटेल असलेल्या आदेशशेठना म्हटलं, "हल्ली ड्रोननं शूटिंग होतं. वरून फक्त छतच दिसतं." शेठनी तिथल्या तिथे तीस हजार काढून दिले. उरलेले नाव लागल्यावर.

दस्तगीरभाईंनी वीस दिवस उन्हात बसून छत भरलं. वर पाणी ओतून पाहिलं. खाली थेंब नाही. साळुबाईने त्यांना गुळाचा चहा केला. दुसऱ्या दिवशी आदेशशेठ टेम्पो घेऊन हजर. टेम्पोत स्टीलची अक्षरं, एकेक कमरेइतकं उंच, आणि ड्रिल मशीन. रंगानं लिहिलेलं चमकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दस्तगीरभाई शिडीसमोर आडवे उभे राहिले. "मास्तर, भोकं पाडू नका. माझं ऱ्हायलेलं पैसं बुडलं तरी चालंल."

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मी म्हणालो, "बोटभर भोकानं काय होतंय, भाई?"

व्हिडिओ मात्र झकास झाला. देऊळ नीट दिसत नाही, पण नाव स्वच्छ दिसतं.

आषाढात साळुबाईचं बोलावणं आलं. गाभाऱ्यात पाऊल ठेवलं तर डोक्यावर थेंब, खांद्यावर थेंब. ती दिव्यावर पदर धरून उभी होती, चिंब भिजलेली.

"मास्तर, पयलं एकाच जागी गळत व्हतं. ताट धरून कसंबसं भागायचं. आता दिवा कुठं सरकवू?"

मी शेठना फोन लावला. दिलदार माणूस. तासाभरात हॉटेलच्या बागेतली मोठी छत्री पाठवून दिली, छापील. आम्ही ती दिव्यावर उभी केली. साळुबाईला वाचता येत नाही.

"काय लिवलंय?"

"आदेशशेठ यांजकडून सप्रेम भेट."

तिने मान हलवली. मग टपकणाऱ्या पाण्याकडे आणि बाहेरच्या पंख्यांकडे, घड्याळांकडे, बाकांकडे एकदा पाहून घेतलं.

"समद्यावर नावं हायती. मंग गळतीवर कुणाचं हाय?"

मला लाज वाटली. फार लाज वाटली.

"माझं," मी म्हणालो.