उजव्या भुवईवरची खोक

उत्कर्षा चेहरा काढायची तेव्हा चेहऱ्याकडे बघायची नाही. हे तिने स्वतःच शोधून काढलेलं तंत्र होतं. फोनमधला फोटो उलटा ठेवायचा, डोकं खाली, हनुवटी वर, आणि त्यावर चौकटी आखायच्या. मग निळीत बुडवलेला दोरा फरशीवर ताणून झटकायचा, की तशाच मोठ्या चौकटी जमिनीवर उमटतात. एका चौकटीत जेवढं दिसतं तेवढंच रंगवायचं. नाक म्हणून नाक काढायला गेलं की हात डोक्यातलं नाक काढतो, समोरचं काढत नाही, असं तिचं म्हणणं होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला हे पटण्यासारखं होतं. निरीक्षकाने मध्ये येऊ नये.

या तंत्राने तिने गणपतीच्या मंडपांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, एका लग्नाच्या हॉलमध्येही पोर्ट्रेट रांगोळ्या काढल्या होत्या. लोक वाकून बघत आणि फोटोच वाटतो म्हणत.

पदवीनंतर तिने आप्पांकडे एक वर्ष मागितलं होतं. नोकरी नाही, बी.एड. नाही, फक्त रांगोळी. आप्पा चादरींच्या कारखान्यात पॅकिंगला होते. चित्रातलं आपल्याला काही कळत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. त्यांनी फार विचार न करता होकार दिला होता. "घे की वर्ष. पण शेवटाला मला दाखव, काय केलंस ते." त्यानंतर दोनच महिन्यांत, कारखान्यातून घरी येताना, त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि ते दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

म्हणून आप्पांच्या वर्षश्राद्धाला बाहेरच्या खोलीत त्यांचीच रांगोळी काढायची हे तिने ठरवलं. आत्याचा मुलगा जोतिराम कुर्डुवाडीच्या एका ज्युनिअर कॉलेजात क्लार्क होता. तिथे प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती आणि तो उत्तरासाठी थांबला होता. उत्कर्षाने त्याला फोनवर सांगितलं होतं की आप्पांची रांगोळी बघ, मगच मला विचार. आईलाही तेच सांगितलं होतं. खरं तर ती स्वतःलाच सांगत होती. परक्यांचे चेहरे तर जमतात. आप्पा जमले, तर ही गोष्ट आपली आहे.

आप्पांचा एकच धड फोटो होता. गड्ड्याच्या जत्रेत त्यांनी स्वतःच हात लांब करून काढलेला सेल्फी. पाळण्याचे दिवे मागे, डोळे थोडे बारीक, शर्टाच्या खिशाला पेन. आणि भुवईला ती जुनी खोक. लहानपणी वाडीवर एडक्याने शिंग मारलं होतं, ती गोष्ट आप्पा प्रत्येक लग्नात सांगायचे आणि दर वेळी एडका थोडा मोठा व्हायचा.

रांगोळी तिने मन लावून काढली. चित्राच्या डोक्याकडे बसून, फोटो उलटा ठेवून, चौकटीमागून चौकट. खोकेच्या कडेला तिने फिकट गुलाबी रंगाची एक रेघ दिली, केसाएवढी बारीक. ती रेघ साधली तेव्हा तिला इतका आनंद झाला, की आपण वर्षश्राद्धाची तयारी करतो आहोत हे ती क्षणभर विसरली.

सकाळी शेजारपाजारचे आले. कारखान्यातले चन्नवीरकाका बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि हुबेहूब म्हणाले. आईने एकदा बघितलं आणि डोळ्याला पदर लावून ती आत गेली. उत्कर्षाने ते उत्तर मानलं.

जोतिराम स्टँडवरून आत्याला घेऊन आला. गोजाआत्या सांगोल्याकडच्या वाडीवर अजून मेंढरं राखते. ती चपला काढून आत आली आणि कडेकडेने फिरून रांगोळीच्या पायथ्याशी उभी राहिली.

"झ्याक काडलंय की," ती म्हणाली. "कोण हाय ह्यो?"

कुणीतरी हसलं. म्हातारीला दिसत नाही असं त्यांना वाटलं. उत्कर्षाने सांगितलं, "आत्या, आप्पा आहेत."

आत्या खाली बसली. तिने उजवा हात पुढे केला आणि चित्राला न लावता त्याच्या डाव्या भुवईवर अधांतरी धरला. तिथे भुवई अखंड होती.

"एडक्यानं मारलं तवा म्याच दाबून धरली व्हती खोक. हितं. ह्याच हातानं." तिने हात तसाच ठेवला. "ह्यो माजा महिपती न्हाय, पोरी."

मग जोतिरामच्या लक्षात आलं. त्याने फोन मागून घेतला, फोटो बघितला आणि आपल्या आईला, आत्याला, समजावलं, की पुढच्या कॅमेऱ्याने काढलं की काही फोनमध्ये आरशासारखं उलटं येतं, डावं ते उजवं होतं, बाकी मामाच आहे. मग उत्कर्षाकडे बघून म्हणाला, "फिजिक्सवाली आन् आरशानं गंडवली व्हय गं?"

आता सगळेच हसले, सुटल्यासारखे. चन्नवीरकाकांनी वाकून बघितलं आणि खिसासुद्धा उजवीकडे आहे हे दाखवून दिलं. एवढं काय, असं म्हणत प्रत्येकाने उपाय सुचवला. खोक पुसायची आणि इकडे काढायची.

उत्कर्षा पहिल्यांदाच चित्राच्या पायथ्याकडे येऊन बसली. आता चेहरा तिच्याकडे बघत होता. भांग चुकीच्या बाजूला होता. हसताना ओठांचा जो कोपरा वर जायचा तो खाली होता. तो पेनाचा खिसा तिने केवढ्या निगुतीने रंगवला होता. सपाट आरशात डाव्या-उजव्याची अदलाबदल होते, हे तिने किती परीक्षांत आकृतीसकट लिहिलं होतं. पण चुकलं ते तिथे नव्हतं. ज्या माणसासमोर ती बावीस वर्षं जेवायला बसली, तो उलटा झाला तरी तिला कळलं नव्हतं.

तिने पुठ्ठ्याच्या तुकड्याने खोक हळूच खरवडून काढली. मग चिमटीत रंग घेऊन डावी भुवई फोडायला हात नेला आणि थांबली. खोक किती लांब होती? आतल्या टोकाला तिरपी होती की बाहेरच्या? फोटो उलटवून बघता आला असता. पण तिला फोनकडे हात न्यायचा नव्हता. तिने डोळे मिटून आप्पांना आठवून बघितलं. फोटो आठवला. पुन्हा आठवलं. पुन्हा तोच फोटो, पाळण्याच्या दिव्यांसकट.

फोटोत नसलेलं एकच काहीतरी आलं. कुठल्याशा मंडळाची रांगोळी ती याच खोलीत सरावाला काढत होती आणि आप्पा कामावरून येऊन दारात उभे राहिले होते. ती वर न बघता म्हणाली होती, "आप्पा, उजेड अडतोय." ते बाजूला झाले होते. तिला फरशीवरून सरकत गेलेली सावली आठवली, तिची कड कुठून कुठे गेली तेही नेमकं आठवलं. वर चेहरा होता. तो तिने बघितलाच नव्हता.

नैवेद्य झाला, पंगत झाली. भुवई तशीच, दोन्हीकडे अखंड राहिली. जेवून आलेल्या बायकांना आता ते कुणाचं चित्र आहे हे विचारावं लागत होतं.

जाताना आत्याने तिच्या तोंडावरून हात फिरवला. "लई बारीक काम हाय तुजं," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच उत्कर्षाला ऐकवत नव्हतं.

जोतिराम चप्पल घालत होता. त्याने काही विचारायच्या आत उत्कर्षा म्हणाली, "दादा, येते म्हणून कळव त्यांना."

तो खुश झाला. जागा चांगली आहे, काम काही नाही, भिंगं आणि आरसे पुसून मांडून ठेवायचे, रेल्वेने रोज जाऊन येऊन करता येईल, असं सांगत राहिला. आई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. सुट्टीत काढत जा, असं काहीसं ती म्हणाली.

सगळे गेल्यावर उत्कर्षाने केरसुणी घेतली. आधी खिसा गेला, मग हनुवटी, मग डोळे. एवढे वेगवेगळे रंग कोपऱ्यात ओढल्यावर एकच मातकट ढीग झाला. तिने तो सुपलीत भरला. फरशीवर निळीच्या चौकटी मात्र निघाल्या नाहीत. सरळ, काटकोनात, सगळ्या रिकाम्या.

आई चहा घेऊन आली. ती त्या मोकळ्या जागेला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने चालत तिच्यापर्यंत पोचली.